पायरुवेट डिहायड्रोजनेजचे कोफॅक्टर एकेक वगळून तपासताना: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

पायरुवेट डिहायड्रोजनेज म्हणजे पायरुवेटपासून ॲसिटिल-कोएन्झाइम ए (ॲसिटिल-कोए) करणारं, अनेक एन्झाइमचं मिळून बनलेलं कॉम्प्लेक्स; त्याला चालायला लागणारे मदतनीस रेणू म्हणजे कोफॅक्टर. ते एकेक वगळून बघायला आठ क्युव्हेट (प्रकाशशोषण मोजायच्या छोट्या नळ्या) लावल्या. ‘एफएडी नाही’ लिहिलेल्या क्युव्हेटमध्ये वेग पुरेपूर आला आणि वहीत निष्कर्ष उतरला: ‘या कॉम्प्लेक्सला एफएडीची गरज नाही.’ एमएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये ही चूक दर वर्षी होते. हात चुकलेला नसतो, मोजणीही बरोबर असते. कुठला कोफॅक्टर बाटलीतून येतो आणि कुठला एन्झाइमला आधीपासून चिकटलेला असतो, हे प्रयोग लावण्याआधी ठरवलेलं नसतं, एवढंच.

हा लेख एमएस्सीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि प्रॅक्टिकल घेणाऱ्यांसाठी आहे. नमुना बकऱ्याच्या हृदयाचा, मोजणी ३४० नॅनोमीटरवर, आणि हवामान नागपूरचं. शेवटची गोष्ट गौण वाटेल, पण बफरचा पीएच आणि कोएची बाटली यांचं बरंच नुकसान तिच्यामुळेच होतं.

## टप्पा ० : कागदावर आधी हे मांडा

कॉम्प्लेक्समध्ये तीन एन्झाइम आहेत: ई-१, ई-२ आणि ई-३. कोफॅक्टर पाच: टीपीपी (थायामिन पायरोफॉस्फेट), लिपोएट, कोए (कोएन्झाइम ए), एफएडी आणि एनएडी (हे शेवटचे दोन इलेक्ट्रॉन वाहून नेणारे). टीपीपीसोबत मॅग्नेशियम लागतं, ते वेगळं मोजा. प्रत्येकाचं काम क्रमाने असं:

१. टीपीपी ई-१ वर बसतं. त्याच्या थायाझोलियम कड्यातला दुसऱ्या क्रमांकाचा कार्बन पायरुवेटच्या कार्बोनिल कार्बनला पकडतो आणि कार्बन डायऑक्साइड इथेच सुटतो. टीपीपीवर उरतो तो हायड्रॉक्सीएथिल गट. तो अजून ॲसिटिल झालेला नसतो.

२. लिपोएट ई-२ च्या लायसिनला सहसंयोजक बंधाने जोडलेलं असतं. लायसिन धरून हा हात सुमारे १.४ नॅनोमीटर लांब आहे. तो ई-१ कडे वळतो, त्याचा डायसल्फाइड बंध तुटतो, हायड्रॉक्सीएथिलचं ऑक्सिडेशन होतं आणि ॲसिटिल गट गंधकावर येतो.

३. कोए तो ॲसिटिल उचलून नेतं. मागे उरतं डायहायड्रोलिपोएट, म्हणजे दोन मोकळे थायॉल (गंधक-हायड्रोजन गट).

४. ई-३ वरचं एफएडी त्या दोन थायॉलचं पुन्हा डायसल्फाइड करतं.

५. एफएडीकडचे इलेक्ट्रॉन एनएडीकडे जातात आणि एनएडीएच तयार होतं. ३४० नॅनोमीटरचा प्रकाश एनएडीएच शोषतं, म्हणून आपल्याला दिसतं ते फक्त हे शेवटचं.

दोन गोष्टी इथेच पक्क्या करा. ‘एफएडीएच२ पुढे इलेक्ट्रॉन ट्रान्सपोर्ट चेनमध्ये जातं’ हे उत्तर या कॉम्प्लेक्ससाठी चूक आहे. ई-३ चं एफएडी जागचं हलत नाही, ते आपले इलेक्ट्रॉन एनएडीला देतं. एरवी एनएडीएचकडून फ्लेव्हिनकडे जाणारा प्रवाह इथे उलटा आहे, आणि तो शक्य होतो कारण प्रथिनाच्या खोबणीत एफएडीचं रेडॉक्स पोटेन्शियल बदललेलं असतं. दुसरी गोष्ट: साखळी कुठेही तुटली तरी ३४० नॅनोमीटरला दिसतं तेच, सपाट रेघ. म्हणजे हा प्रयोग ‘गरज आहे का’ एवढंच सांगतो. ‘ती गरज कुठल्या पायरीवर’ हे तो सांगत नाही. त्यासाठी टप्पा ६ आहे.

आता वहीत दोन रकाने पाडा. सुटे: कोए, एनएडी. हे प्रत्येक फेरीला खर्च होतात, खरं तर सबस्ट्रेटसारखे वागतात. बांधलेले: लिपोएट आणि एफएडी. टीपीपी-मॅग्नेशियम दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहा. ते घट्ट बसतं, पण मॅग्नेशियम काढून घेतलं की सैल होतं.

तपासणी: एखाद्या क्युव्हेटवर ‘एफएडी नाही’ किंवा ‘लिपोइक ॲसिड नाही’ असं लिहिणार असाल, तर थांबा. तशी क्युव्हेट करताच येत नाही.

## टप्पा १ : साठवणीची द्रावणं

वजनं १ मिलिलिटर पाण्यासाठी दिली आहेत.

- सोडियम पायरुवेट, १०० मिलिमोलर: ११ मिलिग्रॅम. त्याच दिवशी करा. जुन्या द्रावणात पायरुवेटचे रेणू एकमेकांना जोडले जातात.
- एनएडी, ५० मिलिमोलर: ३३.२ मिलिग्रॅम. द्रावण आम्लधर्मी येतं. बर्फावर ठेवून पातळ कॉस्टिक सोड्याचे थेंब टाकत पीएच ६.५ ते ७ वर आणा. ८ च्या वर गेलात की एनएडी तुटायला लागतं.
- टीपीपी, २० मिलिमोलर: ९.२ मिलिग्रॅम. पाण्यातच करा, आम्लधर्मी राहू द्या. अल्कलीत थायामिनचं कडं तुटतं, म्हणून ‘सगळं एकाच ट्रिसमध्ये विरघळवू’ हा शॉर्टकट इथे घातक.
- कोए, १० मिलिमोलर: मुक्त आम्ल असेल तर ७.७ मिलिग्रॅम, लिथियम क्षार असेल तर ७.९. बाटलीवर कुठलं रूप आहे ते वाचा.
- डीटीटी (थायॉल मोकळे ठेवणारं रिड्यूसिंग द्रव्य), १०० मिलिमोलर: १५.४ मिलिग्रॅम. रोज ताजं.
- मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट, १०० मिलिमोलर: २०.३ मिलिग्रॅम.
- रोटेनोन (एनएडीएच खाणाऱ्या कॉम्प्लेक्स-१ चा रोधक), १ मिलिमोलर, इथेनॉलमध्ये. विषारी आहे, हातमोजे घाला.
- ट्रायटन एक्स-१०० (पडदे फोडणारा डिटर्जंट), १० टक्के.
- ट्रिस-एचसीएल, ५०० मिलिमोलर, ३० °से. ला पीएच ७.८.

शेवटच्या ओळीवर जरा थांबू या. ट्रिसचा पीएच दर अंशाला साधारण ०.०२८ ने उतरतो. मे महिन्यात दुपारी एसी नसलेल्या खोलीत टेबलावरचं पाणी ३८ अंशांना असतं. त्या पाण्यात बफर करून मीटरवर ७.४ जुळवला आणि तोच बर्फात ठेवून हृदय वाटायला घेतलं, तर प्रत्यक्षात पीएच ८.३ च्या पुढे गेलेला असतो. हिवाळ्यात जमलेला प्रयोग उन्हाळी परीक्षेत बिघडतो, त्यामागे अनेकदा हेच निघतं. वाटपाचा बफर आधी बर्फात गार करा आणि मग पीएच जुळवा. मोजणीचा बफर ३० अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवून जुळवा. मीटरचं कॅलिब्रेशनही त्याच तापमानाला करा.

दुसरी गोष्ट कूलरची. नागपुरात उन्हाळ्यात वजनकाट्याच्या खोलीतही कूलर लावतात. फ्रीझरमधून काढलेली कोएची बाटली त्या ओल्या वाऱ्यात उघडली की पूड ओल धरते, वजन खोटं येतं आणि आठवड्याभरात थायॉल जळतो. बाटली बंद ठेवूनच डेसिकेटरमध्ये अर्धा तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या, कूलर बंद करा, मग झाकण उघडा. पावसाळ्यात मॅग्नेशियम क्लोराइडही असंच पाणी ओढतं. खडे ओलसर दिसले तर ती बाटली या कामाला वापरू नका.

तपासणी, कोए: पीएच ८.० च्या फॉस्फेट बफरमध्ये ०.५ मिलिमोलर डीटीएनबी (थायॉलसोबत पिवळा रंग देतं), ९९५ मायक्रोलिटर. त्यात ५ मायक्रोलिटर कोए, डीटीटी न घालता. ४१२ नॅनोमीटरला ०.७ च्या आसपास यायला हवं (गुणांक १४.१५ प्रति मिलिमोलर प्रति सेंटिमीटर). ०.४ आलं तर जवळपास निम्मा कोए एकतर वजनात कमी पडला आहे किंवा डायसल्फाइड होऊन बसला आहे.

तपासणी, एनएडी: हजार पट पातळ करून २६० नॅनोमीटरला ०.९. याला क्वार्ट्झचीच क्युव्हेट हवी. काचेची ३४० ला चालते, २६० ला नाही.

## टप्पा २ : हृदय ते मायटोकॉन्ड्रिया

मटणाच्या दुकानात ‘दिल’ मागितलं की कळतं. सकाळी पहिल्या कापाचं घ्या. नागपुरात मोमिनपुऱ्याच्या बाजारातून अमरावती रोडवरच्या प्रयोगशाळेत यायला फार वेळ लागत नाही, पण उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत तेवढ्यात नमुना शिजल्यागत होतो. थर्माकोलच्या डब्यात बर्फाचा चुरा आणि मिठाचं थंड पाणी घेऊन जा. हृदय दुकानातच उभं चिरून त्यात बुडवा, म्हणजे आतली पोकळीही गार होते आणि रक्त धुतलं जातं. अख्खं हृदय बर्फाच्या मोठ्या खड्यांवर ठेवलं तर मधला भाग बराच वेळ गरम राहतो.

वाटपाचा बफर, १ लिटरसाठी: सुक्रोज ८५.६ ग्रॅम (२५० मिलिमोलर), ट्रिस १.२१ ग्रॅम (१० मिलिमोलर), ईजीटीए ०.३८ ग्रॅम (१ मिलिमोलर). ४ °से. ला पीएच ७.४. ईजीटीए पाण्यात सहज विरघळत नाही. आधी थोड्या कॉस्टिकमध्ये विरघळवा, मग मिसळा. इथे ईडीटीए न घेण्याचं कारण असं की ईजीटीए कॅल्शियम पकडतं पण मॅग्नेशियमला फारसं शिवत नाही. ईडीटीए दोन्ही ओढून घेतं आणि मग टीपीपी सैल होतं.

१. चरबी, झडपा आणि पांढरे पडदे काढून टाका. डाव्या कप्प्याच्या जाड भिंतीचे १० ग्रॅम पुरे.

२. कात्रीने खिमा करा. बफरमध्ये तीनदा धुवा, धुतलेलं पाणी जवळजवळ रंगहीन होईपर्यंत.

३. ९० मिलिलिटर बफर घाला. हृदयाचा स्नायू चिवट असतो, नुसत्या टेफ्लॉनच्या दांड्याने दळला जात नाही. आधी ब्लेंडरने ५ सेकंदांचे तीन झटके द्या, प्रत्येक झटक्यानंतर अर्धा मिनिट बर्फात. मग टेफ्लॉन होमोजनायझरच्या सहा फेऱ्या.

४. ७०० जी, १० मिनिटं, ४ °से. गाळ टाका, वरचं ठेवा.

५. ९,००० जी, १० मिनिटं. आता गाळ ठेवा, वरचं टाका. गाळावर फिकट, सैल थर असेल तर तो पिपेटने हलकेच काढून घ्या.

६. गाळ ताज्या बफरमध्ये पसरून पाचवी पायरी दोनदा पुन्हा करा. शेवटच्या वेळी ईजीटीए नसलेला बफर घ्या.

७. थोड्याच बफरमध्ये पसरवा आणि प्रथिन ब्रॅडफर्डच्या रंगचाचणीने मोजा. ट्रायटन घालण्याआधी मोजा, कारण ट्रायटनने ब्रॅडफर्डचा रंग बिघडतो. मिलिलिटरला ५.७ मिलिग्रॅमवर आणा.

सावधान: आरपीएम म्हणजे जी नव्हे. रोटरची त्रिज्या ८ सेंटिमीटर असेल तर ७०० जी म्हणजे सुमारे २,८०० आरपीएम आणि ९,००० जी म्हणजे सुमारे १०,०००. सूत्र: जी = ०.००००१११८ × त्रिज्या (सेंमी) × आरपीएमचा वर्ग. कुणाच्या तरी वहीतला आरपीएमचा आकडा उचलू नका, त्यांचा रोटर वेगळा असेल.

धुण्याची सहावी पायरी कंटाळा येऊन गाळली जाते, आणि प्रयोग तिथेच फसतो. हृदयात लॅक्टेट डिहायड्रोजनेज भरपूर असतं आणि ते सायटोसोलमध्ये असतं. ते नमुन्यात राहिलं तर पायरुवेट आणि तयार झालेलं एनएडीएच दोन्ही घेऊन लॅक्टेट करून टाकतं. म्हणजे आपलं कॉम्प्लेक्स जे कमावतं ते शेजारचं एन्झाइम खर्च करून मोकळं.

## टप्पा ३ : एन्झाइम जागं करा

ही पायरी बहुतेक छापील प्रॅक्टिकलमध्ये नसते. ई-१ चं अल्फा उपएकक कायनेजने फॉस्फोरिलेट केलं की कॉम्प्लेक्स बंद पडतं. फॉस्फेटेज तो फॉस्फेट काढतं तेव्हा सुरू होतं. दुकानातून आणलेल्या हृदयात यातला किती हिस्सा बंद आहे हे आधी सांगता येत नाही. म्हणून एका गटाला भरपूर वेग मिळतो, दुसऱ्याला जेमतेम, आणि दोष रसायनांवर जातो.

फॉस्फेटेजला मॅग्नेशियम आणि कॅल्शियम लागतं. नळीत घ्या:

मायटोकॉन्ड्रिया ५२८ मायक्रोलिटर, १०० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड ६०, १० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड ६, १० टक्के ट्रायटन ६. एकूण ६००, प्रथिन मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम. ३० °से. ला १५ मिनिटं, मग बर्फात.

यात एटीपी घालायचं नाही, त्यामुळे कायनेजला काम उरत नाही. फॉस्फेट बफर इथे वापरू नका, कॅल्शियमसोबत पांढरा साका बसतो. ट्रायटन पडल्यावर पडदे फुटतात आणि प्रोटिएजही मोकळे होतात, म्हणून हा नमुना दोन तासांत संपवा. उरलेला मायटोकॉन्ड्रियाचा साठा ट्रायटन न घालता छोट्या भागांत उणे ८० ला ठेवा. एकदा वितळलेला भाग परत गोठवू नका.

तपासणी: १५ मिनिटांचा आणि ३० मिनिटांचा वेग जवळपास सारखा आला तर एन्झाइम पूर्ण जागं झालं. वाढतच असेल तर वेळ वाढवा.

## टप्पा ४ : गळती मोजा

कोफॅक्टरला हात लावण्याआधी ही एक क्युव्हेट. मिश्रण पुढच्या टप्प्यातलंच, पण कोए वगळून (म्हणजे आपलं कॉम्प्लेक्स चालणार नाही) आणि ०.१ मिलिमोलर एनएडीएच घालून. ३४० नॅनोमीटरला सुमारे ०.६२ दिसेल.

नमुना घाला, दोन मिनिटं बघा. रेघ खाली येत असेल तर इलेक्ट्रॉन ट्रान्सपोर्ट चेनमधलं कॉम्प्लेक्स-१ एनएडीएच खातंय. रोटेनोन जुनं झालं आहे किंवा कमी पडतंय.

आता पायरुवेट घाला. याच क्षणी रेघ खाली वळली, तर ते लॅक्टेट डिहायड्रोजनेज. मायटोकॉन्ड्रिया आणखी एकदा धुवा. तरीही उरलं तर सोडियम ऑक्झामेट हा त्याचा ओळखीचा रोधक, अंतिम १० मिलिमोलर, सगळ्या क्युव्हेटमध्ये सारखा.

दोन्ही वेळा रेघ आडवी राहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. गळकी मोजणी नंतर कुठल्याही वजाबाकीने दुरुस्त होत नाही, कारण लॅक्टेटकडे जाणारा वेग एनएडीएच वाढेल तसा बदलत राहतो.

## टप्पा ५ : पूर्ण मिश्रण

१ मिलिलिटरची क्युव्हेट, ३० °से. मायक्रोलिटरमध्ये, याच क्रमाने:

१. पाणी ७२५
२. ट्रिस १००
३. मॅग्नेशियम क्लोराइड १०
४. टीपीपी १०
५. ट्रायटन १०
६. रोटेनोन ५
७. डीटीटी ५
८. नमुना २०
९. तीन मिनिटं थांबा
१०. एनएडी ५०, कोए १५
११. एक मिनिट रेघ बघा, मग पायरुवेट ५०

अंतिम प्रमाण: ट्रिस ५० मिलिमोलर, मॅग्नेशियम १, टीपीपी ०.२, एनएडी २.५, कोए ०.१५, डीटीटी ०.५, पायरुवेट ५ मिलिमोलर, रोटेनोन ५ मायक्रोमोलर, ट्रायटन ०.१ टक्का. नमुन्यासोबत आलेलं थोडं मॅग्नेशियम यात धरलेलं नाही.

नवव्या ओळीतली तीन मिनिटं टीपीपीसाठी आहेत. टीपीपीचं पायरोफॉस्फेट शेपूट मॅग्नेशियमच्या आधाराने ई-१ मध्ये बसतं, आणि बसायला वेळ घेतं. सगळं एकदम ओतून पायरुवेटने सुरुवात केली तर पहिला मिनिट-दीड मिनिट रेघ आळसावते, मग चढते. ही सुरुवातीची सुस्ती ‘प्रारंभिक वेग’ म्हणून मोजली जाते आणि आकडा कमी येतो.

उलट टोकाला, पाच मिनिटं मोजत राहिलात तरी आकडा कमीच येईल. तयार होणारं एनएडीएच आणि ॲसिटिल-कोए दोन्ही याच कॉम्प्लेक्सला रोखतात, आणि क्युव्हेटमध्ये त्यांना जायला दुसरी वाट नसते. पायरुवेटनंतरचा सरळ चढणारा पहिला एक ते दीड मिनिट घ्या.

हिशोब एकदाच करून बघा. मिनिटाला ०.०६० ने वाढ, पायरुवेटआधीचा वेग वजा करून. एनएडीएचचा ३४० ला गुणांक ६.२२ प्रति मिलिमोलर प्रति सेंटिमीटर, म्हणून ०.०६० ÷ ६.२२ = ०.००९६५ मिलिमोलर. १ मिलिलिटरमध्ये ९.६५ नॅनोमोल प्रति मिनिट. नमुना २० मायक्रोलिटर म्हणजे ०.१ मिलिग्रॅम प्रथिन. म्हणून ९६.५ नॅनोमोल प्रति मिनिट प्रति मिलिग्रॅम.

तपासणी: नमुना १० मायक्रोलिटर केला तर वेग निम्मा व्हायला हवा. होत नसेल तर काहीतरी कमी पडतंय, बहुधा कोए.

पावसाळ्यात बर्फातून काढलेली क्युव्हेट थेट यंत्रात ठेवू नका. बाहेरून दव धरतं आणि रेघ उड्या मारते.

## टप्पा ६ : एकेक वगळणं, आणि काय दिसलं तर काय लिहायचं

जे वगळाल तेवढंच पाणी घाला. प्रत्येक क्युव्हेट तीनदा.

पायरुवेट नाही. सपाट. नसेल तर नमुन्यात दुसरे सबस्ट्रेट उरले आहेत, पुन्हा धुवा.

एनएडी नाही. सपाट. सरळ निकाल.

कोए नाही. जवळजवळ सपाट. लिपोएटचे हात एकेकदा ॲसिटिल घेऊन अडकून पडतात, कारण ते उतरवून घेणारं कुणी नाही. म्हणून डायहायड्रोलिपोएट होत नाही, एफएडीला काही मिळत नाही आणि एनएडीएच बनत नाही. कोएचा एनएडीशी थेट काही संबंध नाही, तरी कोए नसताना एनएडीएच थांबतं. तोंडी परीक्षेत हमखास विचारलं जातं ते हेच.

टीपीपी नाही. इथे गोंधळ होतो. वेग घटतो, पण शून्य होत नाही, कारण काही टीपीपी एन्झाइमसोबतच आलेलं असतं. ‘टीपीपी अंशतः आवश्यक’ असा निष्कर्ष चुकीचा. खरी गरज दाखवायची तर नमुन्याचा एक भाग २ मिलिमोलर ईडीटीए घातलेल्या, मॅग्नेशियम नसलेल्या बफरमध्ये सेफाडेक्स जी-२५ (रेणू आकाराप्रमाणे वेगळे करणारं जेल) च्या छोट्या स्तंभातून काढा. मॅग्नेशियम गेलं की टीपीपी सैल होऊन मागे राहतं. मग तीन क्युव्हेट: काही न घालता, फक्त मॅग्नेशियम घालून, आणि दोन्ही घालून. या क्युव्हेटमध्ये मॅग्नेशियम क्लोराइड अंतिम २ मिलिमोलर घ्या, नमुन्यासोबत येणारं ईडीटीए भागवून उरेल एवढं. वेग फक्त तिसरीत परत आला, तर टीपीपीची गरज सिद्ध झाली. तिसरीतही आला नाही, तर स्तंभात एन्झाइमच मेलं आहे. निष्कर्ष काढू नका.

मॅग्नेशियम नाही. नुसतं न घालून भागत नाही. टप्पा ३ मधलं १० मिलिमोलर मॅग्नेशियम २० मायक्रोलिटर नमुन्यासोबत येतं आणि क्युव्हेटमध्ये ०.२ मिलिमोलर होतं. म्हणून या क्युव्हेटमध्ये २ मिलिमोलर ईडीटीए घाला. दुसऱ्या एका क्युव्हेटमध्ये ईडीटीएसोबत ४ मिलिमोलर मॅग्नेशियम घालून वेग परत येतो का बघा. ही जोडी नसेल तर ईडीटीएनेच काही बिघडवलं नाही ना, हे कळायला मार्ग नाही.

एफएडी जास्तीचं, लिपोइक ॲसिड जास्तीचं. या दोन ‘वगळण्याच्या’ नाहीत, घालण्याच्या क्युव्हेट आहेत. वेग बदलत नाही. वहीत लिहायचं ते असं: ‘बाहेरून घातलेल्या एफएडीने वेग वाढला नाही; एन्झाइमवरचं एफएडी पुरेसं आणि घट्ट बांधलेलं आहे.’

### साखळी कुठे तुटली ते शोधणं

ई-१ एकट्याने चालतं का, हे पाहायला पोटॅशियम फेरीसायनाइड वापरतात. हायड्रॉक्सीएथिल-टीपीपीचे इलेक्ट्रॉन लिपोएटऐवजी ते घेतं आणि ४२० नॅनोमीटरचा पिवळा रंग उतरतो. १ मिलिमोलर घेतलं तर सुरुवात १.० च्या आसपास. एका पायरुवेटमागे दोन फेरीसायनाइड, म्हणून शेवटी दोनने भागा. कोए, एनएडी आणि डीटीटी तिन्ही नकोत. डीटीटी राहिलं तर पायरुवेट न घालताच रंग उडतो. ही प्रतिक्रिया मंद असते, नमुना १०० मायक्रोलिटर घ्या आणि पायरुवेट नसलेली क्युव्हेट वजा करा. इथे टीपीपी वगळल्यावर वेग पडला आणि कोए वगळूनही चालू राहिला, की टीपीपीचं काम पहिल्या पायरीवर आणि कोएचं पुढे, हे स्वतः पाहिल्यासारखं होतं.

ई-३ साठी उलट्या दिशेने जा. लिपोअमाइड (लिपोएटचं सुटं रूप) ०.४ मिलिमोलर, एनएडीएच ०.१, एनएडी ०.१, रोटेनोनसह, पायरुवेटशिवाय. ३४० ची रेघ उतरते. लिपोअमाइड पाण्यात नीट विरघळत नाही, थोड्या इथेनॉलमध्ये करा. थोडं एनएडी मुद्दाम घालतात. ते नसेल तर एनएडीएच एन्झाइमला गरजेपेक्षा जास्त रिड्यूस करून अडकवतं. मात्र हेच ई-३ अल्फा-कीटोग्लुटारेट डिहायड्रोजनेजमध्येही असतं. त्यामुळे मायटोकॉन्ड्रियात मोजलेला ई-३ चा वेग एकट्या पायरुवेट डिहायड्रोजनेजच्या नावावर टाकू नका.

## टप्पा ७ : लिपोएट दाखवायचंच असेल तर

हे फक्त शिक्षकांनी करून दाखवावं. सोडियम आर्सेनाइट जहर आहे. फ्यूम हूड, हातमोजे आणि वेगळी लेबल लावलेली टाकाऊ बाटली हवी. सिंकमध्ये एक थेंबही नको. हे शक्य नसेल तर हा टप्पा सोडा.

आर्सेनाइट एकाच वेळी दोन जवळचे थायॉल पकडतं. म्हणजे लिपोएट डायसल्फाइड रूपात असताना ते काही करत नाही. आधी हात रिड्यूस झालेला हवा. म्हणून क्रम महत्त्वाचा. तीन क्युव्हेट, तिन्हीत डीटीटी नाही. त्यातही दोन थायॉल असतात, आर्सेनाइट त्यालाच चिकटतं आणि प्रयोग पुसला जातो.

- पहिली: नमुना आणि ०.१ मिलिमोलर एनएडीएच, पाच मिनिटं. आर्सेनाइट नाही.
- दुसरी: नमुना आणि ०.५ मिलिमोलर आर्सेनाइट, पाच मिनिटं. एनएडीएच शेवटी, पायरुवेटसोबत.
- तिसरी: नमुना, एनएडीएच आणि आर्सेनाइट, पाच मिनिटं.

मग तिघींत एनएडी, कोए आणि पायरुवेट. पहिली चढत राहते. तिसरी सुरुवातीपासूनच मंद असते, कारण एनएडीएचने ई-३ मार्फत हात आधीच उघडून ठेवलेले होते. दुसरी आधी बऱ्यापैकी चढते आणि मग वाकते: कॉम्प्लेक्स चालू झालं, प्रत्येक फेरीत थायॉल उघडे पडू लागले आणि आर्सेनाइटने ते एकेक करून पकडले. दुसरीचा आलेख छापून वहीत चिकटवा, वाकण्याच्या जागी पेन्सिलने खूण करा आणि शेजारी पायरुवेट घातल्याची वेळ लिहा.

तिन्ही क्युव्हेट, टिप आणि हातमोजे आर्सेनिकच्याच टाकाऊ डब्यात जातात. त्या क्युव्हेट धुऊन परत वापरायच्या नाहीत, म्हणून या टप्प्याला प्लास्टिकच्याच घ्या.